चाल त्यांची, बांधणी आपली

२०२२ च्या ग्रॅमी पुरस्कारांत वाद्यसंगीताच्या उत्तम अरेंजमेंटचा मान एका व्हिडिओ गेमच्या चालीला मिळाला. चाल निन्टेन्डोच्या १९९६ सालच्या ‘कर्बी सुपर स्टार’मधली, नाव ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’. चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांनी ती जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने बांधली आणि ‘एट-बिट बिग बँड’ने वाजवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत कोजी कोंडो यांची १९८५ सालची ‘सुपर मारिओ’ची धून घेतली. गेमचे संगीत त्या यादीत पहिल्यांदाच आले. टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट फुंकर मारून बसवणारी आपल्याकडची पिढी ही धून कधीच विसरलेली नव्हती. तिला या बातमीचे नवल वाटले नसेल, आनंद मात्र नक्की झाला असेल.

मी हे घोडेगावातून लिहितो आहे. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचे, नेवासे तालुक्यातले हे गाव लोकांना माहीत आहे ते कांद्याच्या लिलावासाठी, जनावरांच्या बाजारासाठी आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या फाट्यासाठी. या भागात वरातीत बँजो असतो, सप्ताहात पखवाज असतो, जत्रेत हलगी असते. ती वाजवणाऱ्यांतले कितीतरी तिशी-चाळिशीचे लोक लहानपणी कॉन्ट्रा आणि मारिओ खेळलेले आहेत. अशा पाचपंचवीस जणांनी एकत्र येऊन गेमच्या संगीताचा अल्बम करायचा म्हटले तर काय काय लागेल, जगात हे कसे झाले आणि आपल्याकडे कुठे अडेल, हे सगळे एकदा नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते. माझे मत आधीच सांगतो. आपल्याकडे हात आहेत, वाद्ये आहेत, घरबसल्या ध्वनिमुद्रणही आता परवडते. अडते ते परवानगीपाशी आणि सूत्रधाराच्या शिस्तीपाशी. या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी हातात घेतल्या तरच अल्बम तडीस जातो.

या प्रकाराला आज जे रूप आहे त्याचा बराच भाग ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ या अमेरिकी उपक्रमाने घडवला. डेव्हिड लॉइड यांनी तो डिसेंबर १९९९ मध्ये सुरू केला. आलेली प्रत्येक रचना परीक्षक ऐकतात आणि दोन गोष्टी तपासतात: मूळ चाल ओळखू येते का, आणि अरेंजरने तिच्यात स्वतःचे काही घातले आहे का. नुसती नक्कल परत जाते आणि ओळखू न येणारी रचनाही परत जाते. २००३ मध्ये ‘सुपर मेट्रॉइड’वरच्या ‘रेलिक्स ऑफ द चोझो’पासून त्यांचे सामूहिक अल्बम सुरू झाले. २००७ मध्ये ‘फायनल फँटसी ७’च्या नोबुओ उएमात्सु यांच्या संगीतावर ४५ रचनांचा ‘व्हॉइसेस ऑफ द लाइफस्ट्रीम’ आला. पुढच्या वर्षी कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’च्या नव्या आवृत्तीचे अधिकृत संगीतच या चाहत्यांकडून करून घेतले. २०१० च्या ‘सीरियस मंकी बिझनेस’ या ‘डाँकी काँग कंट्री २’वरच्या अल्बममध्ये तर मूळ संगीतकार डेव्हिड वाइज स्वतः वाजवायला आले. ज्याच्या चाली घेऊन आपण बसलो तोच आपल्या शेजारी येऊन बसला, याहून मोठी पावती कोणत्या चाहत्याला हवी?

ठेचही लागली. ‘फायनल फँटसी ६’च्या अल्बमसाठी त्यांनी २०१२ मध्ये लोकवर्गणी सुरू केली तेव्हा स्क्वेअर एनिक्स कंपनीने हरकत घेतली आणि मोहीम खाली उतरवावी लागली. बोलणी झाली, अटी ठरल्या आणि मोहीम पुन्हा उभी राहिली. दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमली आणि २०१३ मध्ये ७४ रचनांचा ‘बॅलन्स अँड रुइन’ बाहेर पडला. हे बोलणे वर्गणीची हाक देण्याआधीच झाले असते तर मधला गोंधळ टळला असता.

जपानमध्ये वाट वेगळी निघाली. ‘तोहो’ मालिकेचे गेम आणि त्यांचे संगीत एकहाती करणाऱ्या झुन यांनी चाहत्यांच्या कलाकृतींना नियम घालून मोकळीक दिली. त्या मोकळिकीतून अरेंजमेंटच्या सीड्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९८ च्या गेममधली ‘बॅड ॲपल’ ही छोटी चाल २००७ मध्ये चाहत्यांच्या एका गटाने गायिकेचा आवाज घालून नव्याने बांधली आणि ती मूळ गेमपेक्षाही दूरवर पोचली. हक्कदाराने आधीच स्पष्ट सांगून ठेवले की काय चालेल आणि काय नाही, तर चाहत्यांची भीती जाते आणि काम वाढते. भारतातल्या गेम कंपन्यांनी हे मनावर घ्यावे.

आता मुळात काम काय असते ते पाहू. ‘सुपर मारिओ’ ज्यावर खेळत त्या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात आवाजाला पाचच वाटा होत्या. दोन पल्स लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक बारक्या ध्वनिनमुन्यांसाठी. पल्सवर चाल आणि तिची जोडीदारीण, त्रिकोणी लहरीवर बेस, खरखरीवर ताल. त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती. ती वाजे किंवा गप्प बसे. तीन सुरांची कॉर्ड लावायला वाटा पुरत नसत, म्हणून एकाच वाटेवर ते तीन सूर इतक्या वेगाने आळीपाळीने पळवत की कानाला कॉर्डचा भास होई. हार्मोनियमवाला पहिल्यांदा ही चाल ऐकतो तेव्हा त्या धावणाऱ्या सुरांना तान समजतो आणि तशीच वाजवायला जातो. इथे अरेंजरने थांबवायला हवे. ती धावपळ यंत्राच्या गरिबीतून आलेली होती. हार्मोनियमवाल्याचा एक हात भात्यावर असला तरी दुसऱ्या हाताची बोटे मोकळी आहेत, त्याने ती कॉर्ड सरळ धरावी, किंवा ती मोडून दोन वाद्यांत वाटून द्यावी.

दुसरी अडचण त्याहून मोठी. गेममधली चाल संपत नाही. खेळणारा जोवर त्या पातळीवर आहे तोवर ती फिरून फिरून येत राहते, म्हणून ती जिथे संपते तिथूनच सुरुवातीला जोडलेली असते. ऐकायच्या रचनेला मात्र उठाव लागतो, मधे विस्तार लागतो, शेवट लागतो. चाल दोनदा वाजवून आवाज हळूहळू बारीक करणे हा पळपुटा मार्ग आहे. बंदिश मांडून तिच्याभोवती बढत करायची सवय असलेल्या आपल्या वादकांना खरे तर इथे मोठा वाव आहे. मुखडा ठरलेला, त्याच्याकडे परत यायचे, आणि मधल्या जागेत स्वतःचे बोलायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

‘टेट्रिस’चे उदाहरण घ्या. १९८९ मध्ये हिरोकाझु तानाका यांनी गेम बॉयसाठी जी धून बांधली ती मुळात ‘कोरोबेनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातले रशियन लोकगीत. आपल्या भाषेत सांगायचे तर ती पंचमावरून सुरू होते, एकदम ऋषभावर उतरते, कोमल गंधारावरून मध्यमापर्यंत जाऊन परत षड्जावर येते. ही चाल फेरीवाल्यांच्या गाण्याची आहे, आणि बाजाराच्या गावात ती सनई आणि हलगीवर परकी वाटणार नाही.

अरेंजर हा माणूसही आपल्याला नवा नाही. मुंबईच्या चित्रपट संगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या वादकांनी संगीतकाराने पेटीवर गायलेली चाल घ्यायची आणि पन्नास-साठ वादकांसाठी ती कागदावर उतरवायची, हे काम वर्षानुवर्षे केले. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांनी ते केले आणि ‘अनिल-अरुण’ या जोडनावाने स्वतः चालीही दिल्या. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ॲकॉर्डियनवर चित्रपटगीतांच्या नुसत्या धुनांच्या तबकड्या काढल्या. गाण्याचे शब्द बाजूला ठेवून चाल एका वाद्याच्या हवाली करणे, हा गेमच्या अल्बमचा आपल्याकडचा सगळ्यात जवळचा पूर्वज. या परंपरेतली एक गोष्ट मात्र आपण घेऊ नये. तबकडीवर संगीतकाराचे नाव ठसठशीत असे आणि अरेंजर, वादक बहुधा निनावी राहत. अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्या देशाला पाठ झाले ते १९७७ मधल्या चित्रपटातल्या एका पात्रामुळे. ज्याचे ते नाव, त्या माणसाचे काम किती जणांना माहीत होते?

नामनिर्देशाचा चांगला धडा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतल्या. प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवण्याचा कटाक्ष तिथे आहे. आमच्या तालुक्यातच, नेवाशात, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि ग्रंथाच्या शेवटी ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आवर्जून आलेले आहे. अल्बममध्ये ज्याने एका रचनेत चार मात्रांची हलगी वाजवली त्याचेही नाव रचनेखाली असावे. मूळ संगीतकाराचे नाव सगळ्यात वर असावे, कंपनीच्या नावाआड ते हरवू नये.

सूत्रधाराच्या कामासाठी मी नेहमी गीतरामायणाकडे पाहतो. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुण्याच्या आकाशवाणीवर ते सुरू झाले आणि आठवड्याला एक अशी ५६ गीते प्रसारित झाली. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडके यांची, आवाज मात्र अनेकांचे: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आणि कितीतरी. आवाज बदलत राहिले तरी धागा तुटला नाही, कारण चालींमागे एकच मन होते आणि प्रसारणाची वेळ कोणासाठी थांबणार नव्हती. चाहत्यांच्या अल्बममध्ये नेमके याच्या उलट घडते. उत्साहाने तीसजण नावे देतात, पहिल्या महिन्यात पाच चाली येतात, मग परीक्षा, लग्नसराई, कांद्याची काढणी. सहा महिन्यांनी सूत्रधार एकटाच उरतो आणि यादीतल्या सगळ्यात गाजलेल्या चालीवर अशा माणसाचे नाव असते जो फोनच उचलत नाही.

यावर उपाय कठोर वाटतो, पण तोच टिकतो. चाल कोणाच्या नावावर देताना दोन तारखा लिहून घ्यायच्या. पहिल्या तारखेला कच्चा मसुदा आला पाहिजे, मोबाइलवर वाजवलेला असला तरी चालेल. तो आला नाही तर चाल मोकळी, दुसऱ्याने घ्यावी, आणि यात राग मानायचा नाही हे सगळ्यांसमोर आधीच ठरलेले असावे. गाजलेल्या चालीसाठी भांडण होतेच. तिथे मसुदा ऐकून निवड करावी, आधी कोण बोलले ते पाहू नये. सूत्रधाराने स्वतः एकापेक्षा जास्त चाली घेऊ नयेत. त्याचे काम ऐकण्याचे आहे, आणि दुसऱ्याची रचना दहादा ऐकून ‘मधला भाग लांबला आहे’ हे प्रेमाने सांगणे याला वाजवण्याइतकाच वेळ लागतो.

अल्बमला एक विचारही हवा. नुसत्या आवडत्या चालींची गोळाबेरीज ऐकणारा तिसऱ्या रचनेपाशी सोडून देतो. एकच गेम घ्यावा आणि त्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगीतातून सांगावी, किंवा वाद्यांचा एकच मेळ ठरवावा. दुसरा पर्याय आपल्याला जास्त मानवेल असे मला वाटते. संबळ, हलगी, सनई, हार्मोनियम, बँजो आणि सोबत एक बेस गिटार एवढाच मेळ धरला तर दहा वेगवेगळ्या हातांचे काम एका घरातले वाटेल.

यातली हलगी ध्वनिमुद्रणात सगळ्यांची परीक्षा पाहते. घराघरांत बसून वाजवायचे तर सगळ्यांच्या कानात एकच टिकटिक असावी लागते, त्याशिवाय तुकडे जुळत नाहीत. इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवायचे म्हटले तर आवाज पोचायला उशीर लागतो आणि तालाचा विचका होतो. पण हलगीवाला टिकटिकीवर वाजवत नाही. तो रंगात आला की लय चढते, आणि ती चढती लय हाच त्याच्या वाजवण्याचा प्राण. टिकटिकीला बांधले की हात आखडतो. म्हणून क्रम उलटा करावा. आधी हलगी मोकळी वाजवून घ्यावी, मग संगणकावर तिच्या प्रत्येक समेवर खूण करून लयीचा नकाशा बनवावा आणि बाकीच्यांना त्या नकाशावर वाजवायला द्यावे. काम किचकट आहे, दोन संध्याकाळी त्यातच जातात, पण रचना जिवंत राहते. शिवाय हलगीचे कातडे शेकून ताणावे लागते आणि थंड झाले की सूर उतरतो. पहिली आणि शेवटची फेरी जोडायला गेले तर दोन वेगळ्या हलग्या वाटतात. प्रत्येक फेरीआधी पुन्हा शेकायचे आणि एकेक फेरी छोटी ठेवायची, एवढेच हातात असते.

पट्टी सुरुवातीलाच ठरवावी. सनई आणि पेटी यांचे सूर बनवतानाच ठरलेले असतात. अरेंजरने चाल काळी चारमध्ये बांधली आणि सनई काळी एकची निघाली की सगळे मुसळ केरात. जुन्या पेट्यांचा सूर प्रमाण सुरापेक्षा थोडा वर किंवा खाली असतो, तो आधी मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजून घ्यावा. फायली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात, प्रत्येक वाद्य वेगळे आणि सगळ्यांची सुरुवात एकाच बिंदूपासून. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज करून पाठवलेला तुकडा दाबला जातो, त्याची धार जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. हमरस्त्यावरच्या गावात ट्रकची घरघर रात्रीही थांबत नाही. रस्त्यापासून लांबची खोली, भिंतींना गोधड्या, पंखा बंद आणि पहाटेची वेळ, एवढ्यावर बरेच भागते. शेवटचे मिक्सिंग एकाच माणसाकडे द्यावे. दहा जणांनी आपापले मिक्स केलेल्या दहा रचना एकामागून एक लावल्या की ऐकणाऱ्याचा हात सारखा आवाजाच्या बटणाकडे जातो.

आता परवानगी. ‘आम्ही पैसे घेणार नाही, मग परवानगी कशाला’ असे सर्रास ऐकू येते. भारतीय कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीताची अरेंजमेंट हे रूपांतर मानले आहे आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो टिकतो. भारत बर्न करारात असल्याने जपानी संगीतकाराच्या चालीलाही इथे संरक्षण आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१ग (31C) मध्ये कव्हर व्हर्जनचा वैधानिक परवाना आहे, पण तो मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यावरच मिळतो, प्रत्येक रचनेसाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ मागतो, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ रचनेत बदल करू देत नाही. बदल करणे हेच ज्यांचे काम त्या चाहत्यांना हे दार जवळजवळ बंद आहे. अमेरिकेत २००६ पासून २०२२ पर्यंत पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याच्या प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट भरले की ठराविक मर्यादेत आपल्या ढंगाने बांधायची मुभा होती. आज दर वाढला आहे, पद्धत तीच आहे. तिथल्या चाहत्यांचे अल्बम रीतसर विक्रीला येतात त्यामागे ही सोय आहे. आपल्या कायद्यात छोट्या, थोड्या प्रतींच्या कामासाठी अशी परवडणारी वाट असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष वाजवण्याला कायदा थोडा मोकळा आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला कार्यक्रम आणि लग्नाची वरात यांना सूट आहे. म्हणजे वरातीत मारिओची धून वाजवणाऱ्या बँजो पार्टीला चिंता नाही. तीच धून ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केली की परवानगी लागते. ‘कोरोबेनिकी’सारखे लोकगीत सगळ्यांचे आहे, मात्र तानाका यांनी गेम बॉयसाठी केलेली बांधणी उचलायची नाही. मूळ लोकगीतापासून स्वतः सुरुवात करायची.

म्हणून पहिल्या मराठी अल्बमसाठी मला जपानपेक्षा पुणे जवळचे वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. त्यांची २०१७ मधली लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडली होती, तरी त्यांनी काम सोडले नाही. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट आपल्या पुराणांतून आणि बाहुल्यांच्या खेळातून उभी राहते. तिचे संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे आहे. भारतीय वळणाचे हे संगीत ग्रीसच्या कानाने ऐकलेले आहे. त्याला नेवाशा-घोडेगावाकडच्या संबळ-हलगीने आपले उत्तर दिले तर त्यात केवळ कौतुक राहणार नाही, दोन देशांच्या कानांचे बोलणे होईल. हक्कदार इथल्याच शहरात सापडण्याची शक्यता आहे, पत्र मराठीतही लिहिता येईल.

त्या पत्रात गोलमोल लिहू नये. कोणत्या चाली हव्यात त्यांची नावे, प्रत्येकीची अंदाजे लांबी, वाद्ये, अल्बम कुठे आणि किती काळ उपलब्ध राहील, मोफत की किमतीला, पैसे आलेच तर संगीतकार, कंपनी आणि वादक यांचा वाटा किती, आणि नावे कोणत्या क्रमाने छापली जातील, हे सगळे एका पानात बसते. सोबत एका चालीचा कच्चा मसुदा जोडावा. संगीतकाराचे आणि कंपनीचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून दोघांचीही लेखी संमती मागावी. उत्तर येईपर्यंत कोणालाही चाल वाटून देऊ नये आणि वर्गणीचा एक रुपयाही गोळा करू नये. होकार आला तर पहिल्या खेपेला आठ-दहा रचना पुरेत, एवढ्या एका माणसाला मन लावून मिक्स करता येतात.